हलणारा देह आणि पाहणारे आपण

देवासमोर निश्चल बसलेल्या मनुष्याविषयी आपल्या मनात सहजच आदर उत्पन्न होतो. हात जोडलेले, दृष्टी मूर्तीवर खिळलेली, पापणी क्वचितच लवते आहे, मुखावर सुखदुःखाची रेषा नाही. अशा मनुष्यास पाहून मागे चुळबुळणारी मुले गप्प होतात आणि मोठी माणसे मनातल्या मनात खजील होतात. ज्याचे शरीर स्थिर त्याचे मन स्थिर, हे देवळाच्या संस्कारात वाढलेल्या आपणां सर्वांस कोणी मुद्दाम शिकविलेले नसते. ते अंगवळणीच पडलेले असते. हा समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहण्याचा प्रसंग आम्हांवर आमच्याच वस्तीत आला, आणि त्यात आमच्या हातून एक अन्याय घडला. त्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

१९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, नागपूरचे राजधानीपण सुटले आणि कचेऱ्यांची दप्तरे भोपाळास हलली. दप्तरांबरोबर कारकून मंडळी आली, त्यांच्याबरोबर त्यांचे देव्हारे आले. आमच्या तुलसी नगरातील सरकारी निवासस्थानांत आज जी मराठी घरे आहेत त्यांतील काहींचा इतिहास एवढाच. आमचे एक स्नेही अशाच घरातले. वडील नागपूरहून आले, स्वतः स्नेह्यांनी हिशेब खात्यात उभा जन्म काढला, आणि निवृत्तीनंतर आता चिरंजीवांना मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, गोव्यातील फोंडे महालाकडच्या. एरवी उत्तम मराठी बोलतात, पण मन हलले की कोकणीवर येतात.

सात-आठ वर्षांपूर्वी स्नेह्यांच्या ठिकाणी एक पालट आम्हांस जाणवू लागला. पूर्वी गप्पांत हातवारे करणारा हा मनुष्य हळूहळू शांत झाला. आरतीला उभे राहिले की पुतळ्यासारखे उभे राहत. बोलणे हळू झाले, हसणे कमी झाले, चालताना हात हलेनासे झाले. आम्ही काय म्हणावे? आम्ही चारचौघांत त्यांचे उदाहरण देऊ लागलो! निवृत्तीनंतर मनुष्याने असे निवावे, असे उद्गार आम्ही काढल्याचे आम्हांस स्पष्ट आठवते. त्यांच्या मुखावर जी प्रसन्न उदासीनता आम्हांस दिसत होती तिला कंपवात म्हणतात, हे पुढे वैद्यकीय तपासणीत कळले. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली ज्याचे वर्णन केले तोच हा रोग. नावात कंप असला तरी अनेकांना तो प्रथम गोठवितो. मुखाचे स्नायू गोठतात, पापण्या लवण्याचे प्रमाण घटते, अक्षर बारीक होते. ज्याला आम्ही चित्ताची उपरती समजलो ती मेंदूतील एका द्रव्याची उणीव होती.

औषध सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत आमचे स्नेही परत आले. परत आले, असेच म्हटले पाहिजे. सदऱ्याची बटणे स्वतः लावू लागले, सकाळी दूध आणावयास स्वतः जाऊ लागले. पाचएक वर्षे अशी बरी गेली. मग गोळी घेतल्यावर तासाभराने त्यांची मान आपोआप डोलू लागली, खांदा उचलला जाऊ लागला, पाय जागच्या जागी ताल धरल्यासारखे चाळवू लागले. सारे अंग वाऱ्यावरील वेलीसारखे वळत राही आणि औषधाचा जोर ओसरला की थांबे. सायंकाळच्या गोळीची वेळ सहाची, आमच्या मंदिरातील आरती सातची. म्हणजे हालचाल ऐन भरात येई ती आरतीलाच.

लोकांनी त्याचे दोन अर्थ लावले. काहींनी नाकाला पदर लावून मद्याचा संशय घेतला. काहींना वाटले, अंगात येते. एके दिवशी बाहेरगावाहून आलेल्या एका बाईंनी तर त्यांच्या पायांवर डोके ठेवून मुलाच्या नोकरीविषयी प्रश्न विचारला. स्नेही डोलता डोलताच नम्रपणे म्हणाले, “बाई, मला यातले काही कळत नाही. मी सहाची गोळी घेतली आहे, एवढेच.”

मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींत आम्हीही एक होतो. मुले हसतात, नवीन माणसांचे लक्ष विचलित होते, अशा तक्रारी आल्या. आणि कोणाचे मन न दुखविता मार्ग काढावा म्हणून आम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन सुचविले की, सहाची गोळी आरतीनंतर घेतली तर कसे? त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि बरे म्हटले. दुसऱ्या दिवशी ते आले. चिरंजीवांनी धरून बसविले. आरती झाली, मंत्रपुष्पांजलीची वेळ झाली, सर्वांनी फुले वाहिली. त्यांच्या ओंजळीतील फूल ओंजळीतच राहिले; हात उचलता येईना. डोळ्यांतून पाणी येत होते आणि चेहरा मात्र कोरा होता. मंदिरात कोणाचेही लक्ष विचलित झाले नाही. वहिनी आमच्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “तांकां हालूंक दियात.” एवढे बोलून त्या त्यांना घेऊन गेल्या.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, आणि पुढील काही महिने या विषयावर जे जे समजण्यासारखे हाती आले ते आम्ही वाचीत राहिलो. आम्ही वैद्य नव्हे. परंतु जे वाचले त्यात आपल्याकडच्या दोन वनस्पतींची एक कथा निघाली, ती वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिली वनस्पती सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर या मुळीचा होणारा उपयोग १९४९ साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत मात्र कंपवातासारखी जडता दिसू लागली. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पीन दिले. ससे कान पाडून निश्चल झाले. मग त्यांना लेव्होडोपा टोचले, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. पुढे १९६० साली व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी कंपवाताने मृत झालेल्यांचे मेंदू तपासून दाखविले की, त्यांत डोपामिन हे द्रव्य फारच थोडे उरलेले असते. लेव्होडोपा हे त्याच डोपामिनचे पूर्वरूप. मेंदूत गेले की त्याचे डोपामिन होते. कार्लसन यांस २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी वनस्पती खाजकुइली. कोकणात आणि गोव्यात कुंपणाकडेच्या या वेलीच्या शेंगांची कुसे ज्याच्या मानेवर लहानपणी कोणी टाकली नाहीत असा मनुष्य विरळा. संस्कृतात तिला कपिकच्छु म्हणतात, आणि दुसरे नाव आहे आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःच स्वतःचे रक्षण करणारी. हिच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखविले होते, आणि मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली कंपवाताच्या रुग्णांना तिचे चूर्ण देऊन आलेले अनुभव प्रसिद्ध केले. सर्पगंधेने जी जडता यावी ती आत्मगुप्तेतील द्रव्याने जावी, हा योग कोणा कवीने रचला असता तर आपण त्यास कृत्रिम म्हटले असते. (हे वाचून कोणी स्वतःच्या मताने खाजकुइलीचे चूर्ण घेऊ नये. औषध तेच, फक्त मात्रा मोजलेली नाही.)

१९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा मोठ्या मात्रेत पोटात देण्याची रीत यशस्वी केली, आणि दोनच वर्षांत त्यांनीच या अनैच्छिक हालचालींची नोंद केली. म्हणजे वर आणि त्याची अट ही दोन्ही जवळजवळ एकदमच हाती आली. चार ते सहा वर्षे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत या हालचाली दिसतात, असा हिशेब पुढे मांडला गेला आहे.

असे का होते? मेंदूच्या मुळाशी असलेल्या एका काळसर पट्ट्यातील पेशी डोपामिन तयार करतात, साठवितात आणि बेताने सोडतात. जणू घरातील काटकसरी गृहिणी. रोगाने या पेशी मरत जातात. प्रारंभी उरलेल्या पेशी बाहेरून आलेले लेव्होडोपा घेऊन पूर्वीसारखाच निगुतीने संसार चालवितात. पुढे त्याही उरत नाहीत, आणि ते काम सेरोटोनिन नावाच्या वेगळ्याच द्रव्याचा व्यवहार पाहणाऱ्या पेशींच्या गळ्यात पडते. त्या लेव्होडोपाचे डोपामिन करतात खरे, पण आवरण्याची कळ त्यांच्यापाशी नाही. गोळी आली की पूर, गोळी ओसरली की कोरड. पूर आणि कोरड यांच्या या फेऱ्यांत चालना ग्रहण करणाऱ्या पेशीच बदलत जातात. इटलीतील संशोधकांनी २००३ साली उंदरांवर प्रयोग करून जे दाखविले ते आम्हांस फार विलक्षण वाटले. पेशींच्या जोडणीत शिकण्याची शक्ती असते, तशीच शिकलेले पुसून टाकण्याचीही असते. ज्या उंदरांत या हालचाली उत्पन्न झाल्या त्यांच्या जोडण्या शिकू शकत होत्या. पुसून टाकू शकत नव्हत्या. विस्मरणाची शक्ती गेली होती.

सांख्यांनी कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत दिला आहे. मडके घडून झाले, कुंभाराने हात काढून घेतला, तरी पूर्वीच्या वेगाने चाक काही काळ फिरतच राहते. ज्ञान झाल्यावरही शरीर का टिकते हे सांगण्यासाठी तो दृष्टांत आहे. पण आरतीत डोलणाऱ्या आमच्या स्नेह्यांकडे पाहताना आम्हांस तोच आठवतो. त्या चाकावर बसलेला मनुष्य चाक फिरवीत नाही.

आणखी एक शोध येथे सांगावासा वाटतो, कारण तो आमच्या मूळ समजावरच येऊन आदळतो. २०११ साली, पुन्हा इटलीतच, अशा रुग्णांच्या मेंदूंची चुंबकीय प्रतिमाचित्रे तपासली गेली. ज्यांना या हालचाली होतात त्यांच्या कपाळामागील भागात, म्हणजे इतर गोष्टींबरोबर स्वतःस आवरण्याशीही ज्याचा संबंध जोडला जातो अशा ठिकाणी, करड्या द्रव्याचे आकारमान हालचाली नसलेल्या रुग्णांपेक्षा अधिक आढळले. २०१४ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी रुग्णांना गोळी दिल्यावर, हालचाली सुरू होण्यापूर्वीच, एक साधे काम दिले: एका खुणेवर कळ दाबावयाची, दुसऱ्या खुणेवर हात आवरावयाचा. ज्यांना पुढे हालचाली झाल्या त्यांच्या मेंदूत हात आवरण्याच्या क्षणीच हालचालींची आखणी करणारा भाग वाजवीपेक्षा अधिक चेतला होता. हा बदल हालचालींचे कारण आहे की त्यांना आवर घालण्याच्या प्रयत्नाची खूण, याचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे. परंतु एवढे तरी दिसते की, हा मनुष्य स्वतःस आवरीत नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. कदाचित तो आपल्यापेक्षा अधिकच आवरीत असेल.

येथे कोणी म्हणेल की गीतेने हे पूर्वीच सांगून ठेवले आहे. सर्व कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून होतात आणि अहंकाराने मूढ झालेला मनुष्य स्वतःस कर्ता मानतो. हे उत्तर खरे असले तरी ते आम्हांस या प्रसंगी फार स्वस्त वाटते. सर्वच देह प्रकृतीने हलत असतील तर आमचा हात आरतीचे तबक धरतो तोही प्रकृतीनेच. मग आम्ही त्यांच्याच देहाविषयी मंडळींची बैठक का घेतली? कर्तृत्व नाकारणारे तत्त्वज्ञान आपण दुसऱ्याच्या दुःखास लावतो आणि कर्तृत्व मानणारा न्याय दुसऱ्याच्या वागणुकीस लावतो. स्वतःच्या बाबतीत नेमके उलट करतो.

देवळाच्या परंपरेत तर अनैच्छिक हालचालीस स्थान नाही असेही नाही. गोव्यात भार येतो, कोकणात अवसर येतो. डिचोली तालुक्यातील साळ गावच्या गड्यांची जत्रा आमच्या कोकणी वाचकांस सांगावयास नको. तेथे देह आपल्या धन्याच्या हाती राहत नाही आणि आपण हात जोडतो. ती हालचाल देवाची म्हणून वंद्य, ही रोगाची म्हणून लपविण्याजोगी. हा भेद आम्ही पुसून टाकू इच्छीत नाही. श्रद्धेस तिचे कारण असते, आणि ज्या बाईंनी पायांवर डोके ठेवले त्यांची चूक झाली हेही खरे. पण त्यांच्या चुकीत आमच्यापेक्षा अधिक सौजन्य होते.

आता त्या गोळीकडे येतो. आम्ही गोळी पुढे ढकलावयास सांगितले तेव्हा आमच्या मनात शिस्तीबरोबर काटकसरही होती, हे कबूल केले पाहिजे. औषधाची शक्ती आताच संपवू नये, पुढच्या वाईट दिवसांसाठी राखून ठेवावी, असे आपल्या घरोघरी बोलले जाते. पूर्वी पुष्कळ डॉक्टरही असेच सांगत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतील घाना देशाचे रुग्ण आणि इटलीचे रुग्ण यांची तुलना आहे. घानातील लोकांस औषध उशिरा मिळाले, रोग सुरू झाल्यावर सरासरी चार वर्षांनी. इटलीतील लोकांस अडीच वर्षांच्या आत. तरी हालचाली दोघांतही रोगाच्या साधारण सारख्याच वयात सुरू झाल्या. गोळीची मात्रा मोठी असेल तर धोका वाढतो, हे खरे. पण औषध उशिरा सुरू करून काही शिल्लक पडत नाही. हिशेब खात्यातल्या मनुष्यास आम्ही खोटी बचत शिकवीत होतो. शिवाय हे औषध एकाएकी बंद करणे प्राणावर बेतू शकते. मात्रा लहान करून अधिक वेळा देणे, अमांटाडिन नावाचे दुसरे औषध जोडणे, काही जणांच्या बाबतीत मेंदूत विद्युत्तार बसविणे, असे उपाय आज आहेत. ते कोणी आणि केव्हा करावे हे रुग्ण आणि त्याचा डॉक्टर ठरवील. देवळाच्या व्यवस्थेत त्याची जागा नाही.

आम्ही पुढे एकदा धीर करून स्नेह्यांनाच विचारले की, दोहोंपैकी बरे काय. ते म्हणाले, “अहो, गोळी नसली की नाकावरची माशी उडवता येत नाही. आणि मी हलतो म्हणता, ते मला निम्म्या वेळा कळतही नाही. तुम्हांलाच दिसते.” पुस्तकांतही हेच आढळते. अनेक रुग्णांस स्वतःच्या या हालचालींची जाणीव कमी असते, घरच्यांस त्यांचा त्रास अधिक होतो. आणि गोठून बसणे की हलत राहणे, अशी निवड आली तर पुष्कळ रुग्ण हलणे पत्करतात. म्हणजे आम्ही जे निवारण करू पाहत होतो ते दुःख बव्हंशी आमच्याच डोळ्यांचे होते.

येथेच थांबता आले असते तर बरे झाले असते. पण एक शंका आम्हांस सोडीत नाही. डोपामिन केवळ हातपायांची चालना पाहत नाही, इच्छेशीही त्याचा संबंध आहे. याच रोगावरील, डोपामिनसारखे कार्य करणाऱ्या काही औषधांनी सरळमार्गी माणसे जुगाराच्या किंवा खरेदीच्या नादी लागल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत, आणि काही थोडे रुग्ण लेव्होडोपाच्याच गोळ्या गरजेपेक्षा अधिक मागू लागतात. मग गोळी हवी म्हणणारा कोण, आमचे स्नेही की गोळीच? रुग्णाच्या इच्छेस शेवटचा शब्द द्यावा असे आम्ही वर सुचविले. ती इच्छाच औषधाने रंगली असेल तर? या शंकेचे निरसन आम्हांस करता आलेले नाही. मात्र एवढे दिसते की, गोळी नसतानाची त्यांची इच्छा अधिक खरी, असेही म्हणता येत नाही. डोपामिन आटलेल्या मेंदूस पुष्कळदा काही इच्छावेसेच वाटत नाही. आणि सायंकाळी चहा घेतल्यावाचून आमचीही भक्ती जमत नाही, हे आमच्या घरचे जाणतात. द्रव्याच्या स्पर्शावाचूनची शुद्ध इच्छा कोणाची असते, हे शोधण्यास कंपवाताच्या रुग्णापासूनच प्रारंभ का करावा?

यंदा गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक येत्या रविवारी आहे. बसण्याच्या व्यवस्थेचा विषय पुन्हा निघणार, कारण मंडप लहान आहे आणि काही मंडळींच्या मते त्यांची खुर्ची मागे खांबाजवळ असावी. तेथून मूर्ती दिसत नाही. त्यांना न विचारता काही ठरवू नये, असे आम्ही सांगणार आहोत; आणि बैठक सातऐवजी साडेसहाला ठेवावी, म्हणजे त्यांना स्वतः येऊन बोलता येईल, अशी चिठ्ठी आज सकाळीच चिटणिसांकडे पाठविली आहे. गोळी त्यांनी सहालाच घ्यावी, हे मात्र वहिनींना जाऊन सांगावयाचे अद्याप राहिले आहे.